वारसा खुला दिवस: युरोपात कसा चालतो, आणि पेठेतला वाडा एक दिवस उघडायचा तर काय करावं लागेल

ओसरी

सप्टेंबर आला की युरोपातल्या मंडळींचे फोटो यायला लागतात. एरवी बंद असलेल्या कुठल्याशा बँकेचं, मंत्रालयाचं नाहीतर जुन्या पंपघराचं दार सताड उघडं आणि बाहेर ही लांब रांग. मग आपल्याकडे ठरलेला उसासा: 'आपल्याकडे असं का नाही?' हा धागा 'का'चा नाही, 'कसं'चा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. सुरुवात फ्रान्समध्ये १९८४ साली झाली, जाक लांग सांस्कृतिक मंत्री असताना. कल्पना साधी होती: एका रविवारी ऐतिहासिक वास्तूंनी दारं उघडायची. १९८५ मध्ये स्पेनमधल्या ग्रानादाला युरोपातले वारसा खात्याचे मंत्री जमले, तिथे फ्रान्सने हे इतरांनीही करावं असं सुचवलं. नेदरलँड्सने १९८७ मध्ये सुरू केलं. १९९१ मध्ये युरोप परिषदेने त्याला 'युरोपीय वारसा दिवस' असं अधिकृत रूप दिलं आणि १९९९ पासून युरोपीय आयोगही त्यात बरोबरीने आहे. तारीख सगळीकडे एक नाही. फ्रान्समध्ये सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार, जर्मनीत दुसरा रविवार, इंग्लंडमध्ये सप्टेंबरातले सलग दहा दिवस.

आता प्रश्न. समजा पेठेतला दोन चौकांचा, तीन बाजूंना माडी असलेला वाडा आहे. मालक तयार आहेत, मागच्या चौकात दोन भाडेकरू राहतात. एक दिवस उघडायचा तर: १) एका वेळी किती माणसं आत घ्यायची? २) कागदपत्रं कोणती? ३) सगळ्यात आधी काय बिघडतं?

---

चिंचगुळ

यात नवीन काय? १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो, १९ ते २५ नोव्हेंबर वारसा सप्ताह. पुरातत्त्व खातं त्या निमित्ताने तिकीट माफ करतं. झाला की खुला दिवस.

---

सीनकाठ

चिंचगुळ, तिकीट माफ करणं आणि दार उघडणं यात फरक आहे. शनिवारवाडा वर्षभर उघडाच असतो. त्या दिवशी फक्त पैसे वाचतात, दिसतं तेच. इंग्लंडच्या योजनेचा नियम इथे उपयोगी पडेल: प्रवेश फुकट हवाच, शिवाय जागा एरवी बंद असणारी हवी, किंवा एरवी तिकीट लावणारी हवी, नाहीतर त्या दिवसापुरतं खास काहीतरी तिथे हवं. यातलं 'एरवी बंद' हे महत्त्वाचं, बाकीचं सोयीचं.

पॅरिसचं उदाहरण घ्या. लूव्हरला कोणीही कधीही जातं. त्या दोन दिवसांत रांग लागते ती राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादाला, सिनेटला, बाँक द फ्रान्स या तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या सोनेरी दालनाला. तिथे एरवी पाहुणा म्हणून जाता येत नाही. एलिझेसाठी आता आधी नाव नोंदवून वेळ घ्यावी लागते, ओळखपत्र लागतं आणि मोठी पिशवी आत नेता येत नाही. पूर्वी नुसत्या रांगेत लोक अर्धा दिवस काढायचे.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी असते: मार्ग एकेरी. आत शिरलात त्या दारातून बाहेर येत नाही. सरकारी इमारतींची अर्धी सुरक्षा त्यातच भागते, कारण माणूस मागे वळत नाही आणि कुठे रेंगाळलाच तर लगेच लक्षात येतं. मुंबई महापालिकेच्या मुख्यालयात (स्टीव्हन्सची इमारत, १८९३) २०२१ पासून शनिवार-रविवारी वारसाफेरी सुरू झाली, तीही याच तत्त्वावर: कचेरी बंद असताना, ठरलेल्या वाटेने, माहिती सांगणाऱ्याबरोबर.

---

कडीपाट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाड्याची माडी देईल, आयोजक नाही. जरा गणित करू.

भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ८७५, भाग २) राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो धरतात. खुर्च्या न मांडलेल्या सभागृहाला ५ किलोन्यूटन, ५०० किलो. वाडा बांधणाऱ्याने यातलं काहीच वाचलेलं नव्हतं, पण वापर घराचाच होता. खुल्या दिवशी तुम्ही घराचं सभागृह करता. घोळ तिथेच आहे.

माडीचा सोपा (चौकाकडची पडवीसारखी लांब खोली) ३ मीटर बाय ६ मीटर, म्हणजे १८ चौरस मीटर धरा. २०० किलोने ३६०० किलो, ७० किलोचा माणूस धरला तर ५१ जण. कागदावर. आता तुळईचं एक टोक भिंतीत पुरलेलं, त्या भिंतीत पंचवीस पावसाळे ओल मुरलेली, आणि वाळवी कुठवर गेली ते वरून दिसत नाही. त्यात माणसं कधी सारखी पसरून उभी राहत नाहीत. चौकाकडच्या महिरपीजवळ 'इथून फोटो छान येतो' म्हटलं की दहा जण दोन चौरस मीटरमध्ये गोळा होतात: ७०० किलो, चौरस मीटरला ३५०. सोप्यात एकूण बाराच माणसं असली तरी त्या दोन कड्यांवर (जमिनीखालच्या आडव्या लाकडांवर) घराच्या पावणेदोन पट भार आला.

म्हणून सांगतो, चांगल्या अवस्थेतल्या माडीवरही एका वेळी बारा. आणि महिरपीपासून दोन फुटांवर दोरी.

---

उंबरठेकर

कडीपाट, बाराचा आकडा जरा घाबरट वाटतो. लग्नात याच माड्यांवर पंगती बसत होत्या.

---

कडीपाट

होत्या, पण 'बसत' होत्या. बसलेला माणूस जास्त जागा घेतो आणि हलत नाही. शिवाय तेव्हा दरवर्षी कौलं चाळली जात, वाळवी दिसली की तेल पाजलं जायचं. ती देखभाल थांबून तीस-चाळीस वर्षं झाली असतील तर पंगतीचा दाखला चालत नाही.

तपासणी संरचना अभियंत्याकडूनच करून घ्या, तीही जुन्या लाकडी कामाची सवय असलेल्याकडून. नुसतं आरसीसी करणारा एकतर 'पाडा' म्हणेल, नाहीतर 'काही होत नाही'. त्याला बोलवण्याआधी तुम्हाला एवढं पाहता येईल:

तुळई भिंतीत शिरते तिथे पेचकस टोचा. चांगल्या सागात जेमतेम मिलिमीटरभर शिरतो. कुजक्यात अर्धा इंच सरळ, केकमध्ये शिरल्यासारखा. मग मोगरीने हलकेच ठोका, टोकापासून मधल्या बाजूकडे. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला तर तिथून आत पोकळ आहे. खांबाच्या तळखड्याजवळ मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली तर वाळवी येऊन गेली आहे किंवा अजून चालू आहे.

अभियंत्याने 'चढायला हरकत नाही' म्हटल्यावर मगच पुढचं. खालच्या मजल्यावर तुळईच्या मध्याखाली एक लाकडी पट्टी उभी करा, वर तीन मिलिमीटरची फट ठेवून. वर सहा जणांना सावकाश चालू द्या. पट्टी तुळईला भिडून अडकली तर सहा माणसांत जमीन तीन मिलिमीटर लवतेय. हा निकाल नव्हे, इशारा आहे, पण तो मिळाला की माडी बंद. जुनी जमीन झोललेली असतेच, त्याचं भय नाही. भार येताच हलते का, ते पाहायचं.

टेकू लावायचा झाला तर लोखंडी जॅक आणि तुळईमध्ये रुंद फळी घाला, खालीही फळी. जॅक तुळईला लागेपर्यंतच फिरवायचा, उचलायचा नाही. इथे हमखास चूक होते. झोल 'काढून टाकू' म्हणून दोन फेरे जास्त दिले की वरच्या गिलाव्याला तडे जातात आणि शेजारच्या खणातला सांधा उघडतो.

---

ओसरी

बारा धरून दिवसाचा हिशोब मांडला, बघा जमतोय का. तळमजल्यावर २० मिनिटं, माडीवर २० मिनिटं, मध्ये जिन्याला ५, एकूण ४५. दर २५ मिनिटांनी नवा गट. सकाळी १० ते १ मध्ये सहा गट (शेवटचा १२.०५ ला आत, १२.५० ला बाहेर). दुपारी २.३० ते ५.३० पुन्हा सहा. १२ गट गुणिले १२. म्हणजे १४४ माणसं. एवढीच?

---

थेम्सपल्याड

एवढीच. आणि पहिल्या वर्षी तीही पुरे झाली असं वाटेल.

लंडनचा 'ओपन हाऊस' १९९२ पासून चालतो, त्याआधी १९९० मध्ये स्कॉटलंडमध्ये ग्लासगोने सुरू केलं होतं. आता लंडनमध्ये जागेनुसार तीन पद्धती रूढ आहेत. १० डाउनिंग स्ट्रीट या पंतप्रधानांच्या घरासारख्या ठिकाणी चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. राहत्या घरांना आधी वेळ घ्यावी लागते. मोठ्या इमारतींना नुसती रांग. वाड्याला दुसरी पद्धत, थोडी तिसरीही मिसळून.

कारण असं: फुकट नोंदणी केलेले बरेच जण येतच नाहीत. काही आयोजक उपाय म्हणून बाराच्या जागी पंधरा नावं घेतात आणि नेमक्या त्या दिवशी पंधराच्या पंधरा हजर होतात. तुमची मर्यादा जमिनीच्या ताकदीवरून ठरली आहे, त्यामुळे ती वाढवून चालणार नाही. नावं बाराच घ्या. वेळ झाल्यावर पाच मिनिटं थांबा, रिकाम्या जागा बाहेरच्या रांगेतल्यांना द्या. रांगेच्या शेवटी एक माणूस ठेवा आणि 'आता उभे राहिलात तर साधारण ४ वाजता नंबर लागेल, लागेलच असं नाही' हे सांगायचं काम त्याला द्या. लोक थांबायला चिडत नाहीत, किती थांबायचं ते न कळल्याने चिडतात.

माणसं मोजा: दिंडीशी (मोठ्या दरवाजातल्या छोट्या दाराशी) एक, यादीशी एक, दोन्ही गटांना पुढे एक सांगणारा आणि मागे एक (चार झाले), जिन्याखाली एक, जिन्यावर एक, रांगेशी एक, बदली दोन. अकरा. मागचा माणूस पुढच्याइतकाच लागतो. कोनाड्यात हात घालणारा, दार ढकलून भाडेकरूच्या स्वयंपाकघरात डोकावणारा नेहमी शेवटचा असतो.

---

चिंचगुळ

बरं, तिकीटमाफीचा मुद्दा मागे घेतो. पण सप्टेंबरात वाडा उघडू नका, एवढं माझं ऐका.

---

ओसरी

ते ठरलंच आहे. त्यांच्याकडे सप्टेंबर बरोबर बसतो: उन्हाळी सुट्टी संपलेली, दिवस अजून मोठा, थंडी लांब. आपल्याकडे तेव्हा गणपती, लागून पितृपक्ष, वर पाऊस आणि चौकात शेवाळ. वारसा सप्ताहातला रविवार धरतोय, नोव्हेंबरचा.

---

बालकांव

गोव्याकडून दोन शब्द. चांदर, लोटली भागातली काही मोठी घरं त्यांचे मालक स्वतःच दाखवतात, वर्षभर, वर्गणी किंवा तिकीट घेऊन. तिथे जे पाळतात ते वाड्यालाही लागू पडेल.

शिंपल्यांच्या खिडक्या पाहुण्याने उघडायच्या नाहीत. त्या सरकत्या किंवा बिजागरीच्या झडपांत शिंपले बारीक लाकडी पट्ट्यांच्या खाचेत नुसते बसवलेले असतात. झडप एका कोपऱ्याला धरून ओढली की चौकट किंचित मुरडते आणि दोन शिंपले खाली. तसा शिंपला आता सहज मिळत नाही. तुमच्याकडे हीच गत गज आणि झिलमिलीच्या खिडक्यांची. आधीच उघडून आकडा लावून ठेवा म्हणजे कोणाला उघडायचा मोह होणार नाही.

दुसरं: सूचना भिंतीला चिकटवू नका. चुन्याच्या भिंतीवर दुपदरी टेप लावली की काढताना चुन्याचा पापुद्रा घेऊनच निघते. तैलरंग मारलेला असेल तर आणखी वाईट, हातभर पोपडा येतो. सूचना लाकडी घोडीवर किंवा पाटावर उभ्या करा.

---

पायताण

चपलांचं कोणी बोललंच नाही.

माडीवर पादत्राणं नकोतच. वाळूचा एक कण तळव्याखाली आला की जमिनीच्या लाकडी पाटावर दिवसभर कानस चालते. उंच टाचेचं तर विचारूच नका, माणसाचा निम्म्याहून जास्त भार बोटभर जागेवर येतो आणि मऊ पाटात खळगा पडतो. पण दिंडीसमोर १२ जोड काढायला लावले की पुढचा गट त्यांच्यावर अडखळणार. आणि एकेरी वाट ठेवलीत तर माणूस बाहेर निघणार मागच्या दाराने, चप्पल पुढे! म्हणून कापडी पिशव्या द्या, क्रमांक घातलेल्या. आपली चप्पल आपल्या हातात. चोवीस पिशव्या पुरतात, सहा जादा ठेवा.

जमीन शेणाने सारवलेली असेल तर आदल्या दिवशी सारवू नका, ओली राहते आणि पावलांबरोबर उचलली जाते. तीन दिवस आधी.

---

म्युनिकातला_मावळ

जर्मनीतला अनुभव वेगळ्या अंगाने सांगण्यासारखा आहे. १९९३ पासून स्मारक संरक्षणासाठीचं एक मोठं प्रतिष्ठान देशभरात हा दिवस भरवतं. तिथल्या लोकांना पूर्ण झालेल्या इमारतीपेक्षा अर्धवट दुरुस्तीत असलेली जास्त आवडते: परांची लागलेली, गिलावा उतरवलेला, सुतार तिथेच सांधा बसवतोय. खिडकीची चौकट दुरुस्त करायची की बदलायची, हे घरमालक त्याच्याकडून समोर उभं राहून समजून घेतात.

तुमच्या वाड्यात एखादा खण उघडा असेल तर तो झाकू नका. भेंड्यांचा (मातीच्या कच्च्या ठोकळ्यांचा), विटांचा, वरच्या चुन्याचा थर एका नजरेत दिसतो. तेवढ्या एका भिंतीसाठी माहितीफलक लिहिलात तरी पुरे.

एकच धोका. चुना 'विरताना' दाखवायचा मोह आवरा. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो, शिंतोडे उडतात आणि डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते. मुलांसमोर तर नकोच. मुरवलेला चुना घमेल्यात ठेवा, थापी ठेवा, आणि हातमोजे घालून लोकांना एका विटेवर लावू द्या. ते जमतं आणि लोक अर्धा तास हलत नाहीत (म्हणून हे शेवटच्या चौकात, पहिल्यात नाही).

---

दस्तऐवज

दुसरा प्रश्न राहिला. कागद.

सातबारा नाही, शहरात मिळकत पत्रिका पाहा. त्यावर जेवढी नावं, तेवढ्यांची लेखी संमती. 'दादा हो म्हणाले' चालत नाही, कारण नाही म्हणणारा भाऊ ठाणे शहरात असतो आणि त्याला कार्यक्रम पत्रिका छापल्यावर कळतं. भाडेकरूंची संमती वेगळी, आणि तीत स्पष्ट लिहा की त्यांच्या खोल्या मार्गात नाहीत, फोटोत नाहीत, आणि या एका दिवसाने कोणाचाही कोणावरचा हक्क वाढत किंवा कमी होत नाही. हे वाक्य दोन्ही बाजूंना हवं असतं. मालकाला वाटतं भाडेकरू बळकट होईल, भाडेकरूला वाटतं 'वारसा' म्हणत आपल्याला बाहेर काढतील.

पालिकेच्या वारसा विभागाला पत्र, जवळच्या पोलीस ठाण्याला पत्र. ध्वनिवर्धक लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी (लावू नका, चौकात साधा आवाज घुमतो). विमा: कार्यक्रमापुरती सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी मिळते. अर्जात 'जुनी लाकडी इमारत' हे आपणहून लिहा. लपवलंत आणि दावा करायची वेळ आली की पहिलं बोट तिथेच ठेवतील.

तिजोरी, देवघर, खुंटीवरचे दागिने, हे सगळं आदल्या रात्री हलवा. आणि कुलपांचे फोटो काढू देऊ नका.

---

उंबरठेकर

आगीचं बघा. संध्याकाळी पणत्या-मशाली लावून 'पेशवाई वातावरण' करायची टूम येतेच. लाकडी वाड्यात उघडी ज्योत नको, आणि बाहेर पडायचा रस्ता एकच असेल तर अजिबात नको. दिंडीतून माणूस वाकून एकेकच निघतो. दिवसभर मोठा दरवाजा पूर्ण उघडा ठेवा, फक्त दिंडी नाही. त्याचे बिजागर कित्येक वर्षांत फिरले नसतील, आठ दिवस आधी तेल घालून उघडून पाहा. चौकातल्या आडावर जाळी आहे का तेही पाहा. जाळी गंजली असेल तर वर फळ्या, वर कोणी बसणार नाही अशी कुंडी.

जुन्या वायरिंगवर जादा बोर्ड लावून पंखे-दिवे चालवू नका. नोव्हेंबरात दिवसा लागत नाहीत.

---

कडीपाट

आणि दुसऱ्या दिवशी काय कराल? आधीच असलेल्या तड्यांवर आठवडाभर आधी काचेची पातळ पट्टी दोन्ही कडांना प्लास्टरने बसवा, शेजारी तारीख लिहा (भिंतीवर नाही, कागदावर). सोमवारी काच अखंड असेल तर ठीक. तुटली असेल तर पुढच्या वर्षी तो सोपा मार्गातून बाद. हे न करता 'हा तडा आधीपासूनच होता' यावर वाद घालायला मालक, अभियंता आणि आयोजक असे तिघे असतात.

---

ओसरी

सर्वांचे प्रतिसाद छापून मालकांना दाखवले. पट्टीची चाचणी मागच्या सोप्यात नापास: सहा नाही, चौथ्याच माणसाला पट्टी अडकली. त्यामुळे माडी यंदा बंद.

नवा हिशोब: फक्त तळमजला आणि दोन्ही चौक, २० मिनिटं, गट १५ चा, कारण जमीन फरशीची आहे. एका वेळी एकच गट आत, दर २५ मिनिटांनी नवा. सकाळी सात, दुपारी सात. २१० माणसं. जिन्याच्या दाराला दोरी न लावता कुलूप लावतोय, किल्ली जिन्याखालच्या माणसाच्या गळ्यात.

पिशव्या कुठे शिवून मिळतील, पायताण?

---

पायताण

बोहरी आळीत विचारा. तीस नग, मांजरपाट, नाडी बाहेरून. आणि क्रमांक रंगाने घाला, स्केचपेन पहिल्या धुण्यात जातं.